नापास चाचण्या वाचताना

सोर्सपासून लिनक्स बांधायला बसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा ग्लिबसी या सी लायब्ररीपाशी येऊन अडखळतो. तोवर सगळे सुरळीत चाललेले असते. टारबॉल उघडला, कॉन्फिगर केले, मेक केले, इन्स्टॉल केले. मग ‘मेक चेक’ म्हटले की पाच हजारांहून अधिक चाचण्या एकामागून एक पळतात आणि शेवटी पडद्यावर दोन-चार ओळी ‘फेल’ म्हणून उरतात. इथे माणसांच्या दोन जाती दिसतात. एक घाबरतो, सगळे पुसून टाकतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. दुसरा ‘होतं असं कधी कधी’ म्हणतो आणि पुढचे पॅकेज उघडतो. त्या ओळी मात्र दोघांनीही वाचलेल्या नसतात. पुढच्या पानांतला सगळा खटाटोप त्या ओळी वाचता याव्यात यासाठी आहे.

ज्यांना हा उद्योगच नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांसारख्या वितरणांत सगळे तयार, कंपाईल झालेले मिळते. पेन ड्राइव्ह लावला की अर्ध्या तासात संगणक चालू. जेरार्ड बीकमन्स यांनी 1999 मध्ये ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे पुस्तक सुरू केले ते नेमके याच्या उलट वाटेने जाण्यासाठी. त्यात डाउनलोड करून बसवायची प्रणाली नाही, फक्त सूचना आहेत. कंपायलर, सी लायब्ररी, शेल, ‘एलएस’ आणि ‘सीपी’सारखी बारीक हत्यारे आणि शेवटी कर्नल, हे सगळे आपणच मूळ कोडपासून बांधायचे. वर्षातून दोनदा, साधारण मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, नवी आवृत्ती निघते. पुस्तक इंग्रजीत आहे, नेटके आहे आणि विनामूल्य आहे. त्याची मराठी नक्कल करण्याचा इथे हेतू नाही. कमांड त्यात आहेतच. सोलापुरात बसून त्या चालवल्या की काय काय होते, ते त्यात नाही.

या कामात एक गमतीचे माप वापरतात. प्रत्येक यंत्राचा वेग वेगळा, त्यामुळे ‘या पॅकेजला वीस मिनिटे लागतात’ असे सांगून उपयोग नसतो. म्हणून बिनयुटिल्स हे पहिले पॅकेज पहिल्यांदा कंपाईल व्हायला तुमच्या यंत्राला जितका वेळ लागेल, ते एक एकक धरायचे. बाकी सगळे त्याच्या पटीत. जीसीसी हा कंपायलर अंतिम टप्प्यात चाचण्यांसकट बांधायचा तर अलीकडच्या आवृत्त्यांत चाळीसहून अधिक एकके लागतात. नव्या, दणकट यंत्रावर एकक दोन-तीन मिनिटांचे असेल तर दुपार जाते. आपल्याकडे विद्यार्थी ज्यावर हे करतो तो बहुतेकदा एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला, सेकंड हँड घेतलेला डेस्कटॉप असतो. त्याचे एकक दहा मिनिटांचे निघाले तर जीसीसीला सात तासांच्या वर लागणार. सलग सात तास वीज राहील याची हमी कोण देणार? सोलापूरचे हे पुस्तक इथून सुरू होते.

  

वीज गेल्याने नुकसान काय होते? कंपाईल अर्धवट राहते, एवढेच बहुतेकांना वाटते. वीज आली की ते पुन्हा ‘मेक’ म्हणतात. मेक फाइलींच्या वेळा पाहून काय बांधायचे उरले आहे ते ठरवतो. पण वीज जाते त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल नावापुरती डिस्कवर असते आणि आत अर्धी किंवा रिकामी असते. मेकच्या दृष्टीने ती ताजी आहे, म्हणून तो तिला हात लावत नाही. मग लिंकिंगच्या वेळी अगम्य तक्रार येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तक्रार येतच नाही. उपाय सोपा आहे आणि तो कंटाळा न करता पाळायचा: वीज गेली की त्या पॅकेजची उघडलेली डिरेक्टरी पूर्ण काढून टाकायची आणि टारबॉलपासून पुन्हा सुरुवात करायची.

दुसरे नुकसान अधिक लपलेले. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आदल्या सत्रातले काहीच शिल्लक नसते. ‘एलएफएस’ हे चल, म्हणजे आपण नवी प्रणाली कुठल्या विभाजनावर बांधतो आहोत ते सांगणारे नाव, रिकामे झालेले असते. ते रिकामे असताना रूट म्हणून कमांड दिली तर नव्या प्रणालीत जायच्या फाइली थेट चालत्या यंत्राच्या मुळाशी जाऊन पडतात. सुरुवातीला घात होतो तो याच एका गोष्टीने. तसेच ‘डेव’, ‘प्रॉक’, ‘सिस’ या आभासी फाइल प्रणाल्या सीएच-रूटमध्ये, म्हणजे बांधत असलेल्या नव्या प्रणालीच्या आत, शिरण्याआधी पुन्हा माउंट कराव्या लागतात. ‘डेव-पीटीएस’ विसरले तर जीसीसीच्या आणि बिनयुटिल्सच्या चाचण्या सुरूच होत नाहीत. या चाचण्या डेजाग्नू आणि एक्स्पेक्ट या हत्यारांनी चालतात आणि त्यांना आभासी टर्मिनल लागते. ते मिळाले नाही की ‘आणखी पीटीवाय शिल्लक नाहीत, प्रशासकाला सांगून वाढवून घ्या’ अशा अर्थाचा संदेश येतो. प्रशासक आपणच असतो आणि खोलीत दुसरे कोणी नसते.

यावरून एक ठोकताळा सांगतो, तो या पुस्तकात पुन:पुन्हा येईल. हजार चाचण्या एकदम फेल झाल्या तर हायसे वाटू द्या. एकच फेल झाली तर सावध व्हा. एकदम सगळे कोसळते तेव्हा दोष जवळजवळ नेहमी परिसराचा असतो. काहीतरी माउंट झालेले नाही, जागा संपली आहे, स्टॅकची मर्यादा वाढवायची राहिली आहे. परिसर दुरुस्त केला की हजारच्या हजार पास होतात. एकटी फेल होणारी चाचणी मात्र काहीतरी नेमके सांगत असते आणि तिचा लॉग उघडल्याशिवाय ते कळत नाही.

लॉगमधले निकालही फक्त पास आणि फेल एवढेच नसतात. ‘एक्स-फेल’ म्हणजे ही फेल होणार हे कोड लिहिणाऱ्यांनाच ठाऊक आहे. तिची चिंता नको. ‘एक्स-पास’ म्हणजे फेल होणार असे धरले होते पण पास झाली; ही बातमी आनंदाची वाटते, पण कधी कधी तीच शंकास्पद असते. ‘अनसपोर्टेड’ म्हणजे तुमच्या यंत्रावर ती लागूच पडत नाही. ‘अनरिझॉल्व्ह्ड’ म्हणजे निकाल लागलाच नाही, आणि घाईत याच ओळींवरून डोळे सरकतात. जीसीसीच्या चाचण्या लाखांच्या घरात आहेत. त्यात मोजक्या फेल होणे नित्याचे आहे. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचचे संपादक आपल्या यंत्रांवरचे निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. आपली यादी त्यांच्या यादीशेजारी ठेवायची. दोन्हीकडे असलेल्या नावांवर रेघ मारायची आणि फक्त आपल्याकडे उरलेल्यांवर डोके लावायचे. ग्लिबसीची ‘टीएसटी-एलसीएचमोड’ ही चाचणी सीएच-रूटमध्ये फेल होते हे मूळ पुस्तकातच लिहिले आहे. तिच्यासाठी रात्र जागवू नका.

कोण चाचणी चालवतो यानेही निकाल बदलतो. रूट वापरकर्त्याला परवानग्यांचे बंधन नसते. त्यामुळे ‘ही फाइल उघडता येऊ नये’ हे तपासणारी चाचणी रूट म्हणून चालवली तर फाइल उघडते आणि चाचणी नापास होते. प्रणाली धडधाकट असते. म्हणूनच कोअरयुटिल्स आणि जीसीसीसाठी ‘टेस्टर’ नावाचा साधा वापरकर्ता मुद्दाम तयार करतात. आणखी एक: सुरुवातीच्या टप्प्यात, तात्पुरती हत्यारे बांधताना, चाचण्या चालवायच्याच नसतात. ती हत्यारे क्रॉस-कंपाईल केलेली असतात आणि लवकरच त्यांच्या जागी दुसरी येणार असतात. तिथला उत्साह वाया जातो.

आता उन्हाळ्याकडे येऊ. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, धुळीने भरलेला पंखा घेऊन जुना संगणक सलग सहा-सात तास पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा प्रोसेसर तापून स्वतःहून वेग कमी करतो. ग्लिबसीच्या कित्येक चाचण्यांना वेळेची मर्यादा असते. थंड यंत्रावर त्या आरामात पास होतात, तापलेल्या यंत्रावर ‘टाइम्ड आउट’ म्हणून नापास. यासाठी ‘टाइमआउटफॅक्टर’ नावाचे चल आहे. ते वाढवले की सगळ्या मर्यादा त्या पटीत वाढतात. दोष ग्लिबसीत नसतो, वैशाखात असतो. जुन्या प्रोसेसरवर गणिताच्या चाचण्यांतही असे घडते. तिथे शेवटच्या अंकातला सूक्ष्म फरक मोजलेला असतो आणि मानलेली मर्यादा किंचित ओलांडली की निकाल फेल येतो.

उष्णतेची दुसरी तऱ्हा अधिक गंभीर. कंपाईल चालू असताना जीसीसी मध्येच ‘इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून कोसळतो. इंग्रजी वाचून वाटते की कंपायलरमध्ये बिघाड आहे. त्या वेळी एकच प्रश्न विचारायचा: तीच कमांड पुन्हा दिली तर त्याच फाइलवर, त्याच ओळीवर कोसळतो का? प्रत्येक वेळी त्याच जागी कोसळत असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये, किंवा आपल्या आधीच्या एखाद्या पायरीत. दर वेळी जागा बदलत असेल तर रॅम खराब आहे किंवा यंत्र तापले आहे. मग कोडकडे पाहणे थांबवायचे, रात्रभर मेमटेस्ट चालवायची, रॅमची पट्टी काढून तिचे संपर्क पुसायचे, पंखा साफ करायचा. एवढ्या एका प्रश्नाने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशाने वाचलेला मी पाहिलेला नाही. सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांना हा प्रश्न सुचत नाही, कारण यंत्र हे नेहमी खरेच बोलते असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

जुन्या मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली असणे हाही इथला नेहमीचा प्रकार. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि कॉन्फिगर म्हणतो की नव्याने तयार केलेली फाइल मूळ फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. हा संदेश शब्दशः खरा असतो, पण त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वेळेचाच दुसरा प्रश्न आपल्या अर्ध्या तासाचा. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. काही प्रकल्पांच्या चाचण्या फरक पूर्ण तासांचाच असेल असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. तारखेची एखादी चाचणी विचित्र फेल झाली तर वेळेचे क्षेत्र यूटीसी करून पुन्हा चालवा. पास झाली तर चूक त्या चाचणीची, आणि ती संबंधितांना कळवण्यासारखी आहे.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग भाषांचा आहे. ग्लिबसी बसवल्यावर लोकेल तयार करावी लागतात, म्हणजे त्या त्या भाषेचे वार-महिने, अंक, चलन, अक्षरांचा क्रम. चाचण्या नीट चालाव्यात म्हणून मूळ पुस्तकात काही निवडक लोकेलांची यादी दिलेली आहे. त्यात जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, तुर्की आहेत. भारतीय भाषांपैकी तमिळ आहे. मराठी नाही. यात कोणाचा आकस नाही, चाचण्यांना जेवढी लागतात तेवढी घेतली आहेत. लोकेल नसेल तर ती चाचणी वगळली जाते, एवढेच. पण सोलापुरात बांधलेल्या प्रणालीत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू लोकेल असायलाच हवीत. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. या चारही भाषांची लोकेल ग्लिबसीच्या कोडमध्ये आहेत. आपल्याला फक्त प्रत्येकीसाठी एकेक ओळ वाढवायची. वाढवल्यावर लगेच काळ्या कन्सोलवर मराठी वाचायला जाऊ नका. लिनक्सचा साधा कन्सोल जोडाक्षरे जुळवू शकत नाही, चौकोन दिसतील. त्यासाठी ग्राफिक टर्मिनल लागते आणि चांगला फॉन्ट लागतो. लोहित देवनागरी हा रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला फॉन्ट अशा वेळी कामाला येतो.

अक्षरांच्या क्रमाचा प्रश्न किती खोल जातो ते एका घटनेवरून कळावे. 2018 च्या ऑगस्टमध्ये ग्लिबसी 2.28 आली आणि तिच्यात क्रमाचे तक्ते आयएसओ 14651 या मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलले. ज्यांचे पोस्टग्रेस डेटाबेस या लायब्ररीच्या क्रमावर विसंबून होते, त्यांना प्रणाली अद्ययावत केल्यावर इंडेक्स पुन्हा बांधावे लागले. मराठीपुरते बोलायचे तर युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, आणि शाळेत आपण जी वर्णमाला म्हणतो तिच्यात तो ‘ह’च्या नंतर येतो. कळस, कवच आणि कहर हे तीन शब्द एका फाइलीत लिहा. एकदा ‘सी’ लोकेलमध्ये आणि एकदा मराठी लोकेलमध्ये ‘सॉर्ट’ चालवा. पहिल्यात कळस सर्वांत वर येईल, कारण तिथे फक्त संकेतांक पाहिला जातो. दुसऱ्यात कळस शेवटी गेला की नाही ते आपल्या डोळ्यांनी पाहा. ही तुमची पहिली स्वतः लिहिलेली चाचणी. नापास झाली तर ती कोणाकडे न्यायची हे सातव्या प्रकरणात आहे.

अशी दुरुस्ती दूरदेशीचे लोकच करतात, हा समज काढून टाकायला हवा. सिद्धेश पोयरेकर यांनी पुण्यात रेड हॅटमध्ये असताना ग्लिबसीवर वर्षानुवर्षे काम केले. लायब्ररीच्या कामगिरीचे मोजमाप करणारी बेंचमार्क चौकट उभी करण्यात त्यांचा हात होता आणि फेब्रुवारी 2017 मधल्या 2.25 या आवृत्तीचे प्रकाशन त्यांनी सांभाळले. म्हणजे ज्या चाचण्यांपुढे आपण सोलापुरात डोके धरून बसतो, त्या ज्या कोडच्या आहेत त्याची एक आवृत्ती सोलापूरहून निघालेली हुतात्मा एक्सप्रेस जिथे जाऊन थांबते त्या शहरातल्या माणसाने जगापुढे ठेवली होती.

चाचण्यांवर आंधळा विश्वासही नको, आणि याला दाखला आहे. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आहे. एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून ते तिथपर्यंत पोचले. तो घातक कोड ठेवला होता चाचण्यांच्या डिरेक्टरीत. मुद्दाम बिघडवलेल्या नमुना-फाइली चाचणीसाठी तिथे असतातच, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. तो कोड बाहेर काढून जोडणारी ओळ गिटमधल्या कोडमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. आणि डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल तरच ती जागी होत असे, म्हणून हाताने बांधणारे त्यातून सुटले. मात्र हे हाताने बांधणाऱ्यांच्या हुशारीचे यश नव्हे, ते फक्त नेमाच्या बाहेर उभे होते. चोरवाट सापडली ती लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या एका माणसामुळे. चाचण्या तोवर पास होत होत्या.

एवढे सगळे करून हाती काय लागते, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. रोजच्या वापराला ही प्रणाली गैरसोयीची आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या एकेक करून स्वतः आणाव्या लागतात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या कोणी आणत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘मी लिनक्स बांधले’ हे वाक्य ऐकायला छान, पण समोरच्याने ‘कुठली चाचणी फेल झाली आणि का’ असे विचारले तर कमांड चिकटवत गेलेला मुलगा दोन मिनिटांत उघडा पडतो. ज्याने लॉग वाचले आहेत तो बोलत राहतो. माझ्या मते या उद्योगाचे मोल तेवढेच आहे, आणि ते कमी नाही. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत मुलांना चालणारे प्रोग्राम लिहायला लावतात; न चालणारी, दुसऱ्याने लिहिलेली, लाखो ओळींची वस्तू समोर ठेवून ‘हिला काय झाले आहे ते सांग’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याचे घोडे जिथे अडले असेल ते पान त्याने उघडावे. दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच करा. प्रत्येक कमांडचा निकाल ‘टी’ या कमांडने फाइलीतही जाऊ द्या, कारण पडद्यावरून सरकून गेलेली चूक परत मिळत नाही. आणि कागदाची वही ठेवा. वीज गेल्यावर तेवढीच उघडता येते. काम सुरू करायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थंडी असते, यंत्र तापत नाही आणि जीसीसी रात्री लावून झोपता येते. एप्रिलमध्ये सुरू करू नका.